हुशार आईवडीलही का फसतात? ‘डिजिटल अरेस्ट’मागचे मानसशास्त्र

ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाचे ८२ वर्षांचे उद्योगपती एस. पी. ओसवाल यांना एक फोन आला. ओसवाल म्हणजे वर्धमान या मोठ्या वस्त्रोद्योग समूहाचे अध्यक्ष, पद्मभूषण, आयुष्यभर करार आणि ताळेबंद वाचत आलेले गृहस्थ. मनी लाँडरिंगच्या एका प्रकरणात तुमचे नाव आले आहे, असे फोनवरच्या माणसाने सांगितले. मग त्यांच्यावर व्हिडिओ कॉलवरून ‘पाळत’ सुरू झाली. झोपतानाही कॉल बंद करायचा नाही, अशी ताकीद होती. पुढे चक्क सर्वोच्च न्यायालयाची ऑनलाइन ‘सुनावणी’ झाली. तीत तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे सोंग घेतलेला कोणीतरी बोलत होता, हातोडा आपटल्याचा आवाजही येत होता. नंतर सही-शिक्क्याचा ‘आदेश’ व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि ओसवालांनी सात कोटी रुपये पाठवून दिले.

पोलिसांनी यातले सव्वापाच कोटी परत मिळवले. ओसवाल स्वतः माध्यमांसमोर येऊन सगळे बोलले, म्हणून आपल्याला हा तपशील कळला. बहुतेक लोक बोलत नाहीत.

ही बातमी वाचताना तुमच्या मनात काय आले? ‘माझे बाबा असे कधीच फसणार नाहीत, ते फार चौकस आहेत,’ असे आले असेल, तर हा लेख खास तुमच्यासाठी आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील भारतात, आपण इथे. त्यांच्या खात्यात निवृत्तीचे पैसे, मुदत ठेवी, कधी घर विकून आलेली रक्कम. शिवाय दिवसभर घरात दोघेच, किंवा एकटेच. फसवणाऱ्यांच्या दृष्टीने याहून सोयीचे गिऱ्हाईक नाही.

आकडे काय सांगतात?

भारत सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, डिजिटल अरेस्ट आणि त्यासारख्या गुन्ह्यांच्या २०२२ मध्ये ३९,९२५ तक्रारी आल्या होत्या आणि त्यांत सुमारे ९१ कोटी रुपये गेले होते. २०२४ मध्ये तक्रारी झाल्या १,२३,६७२ आणि रक्कम झाली सुमारे १,९३५ कोटी. म्हणजे तक्रारी तिपटीने वाढल्या आणि रक्कम वीसपटीहून जास्त. नेम धरून मोठ्या रकमा काढल्या जात आहेत, हे या दोन आकड्यांच्या तफावतीतून दिसते.

हा फक्त भारताचा प्रश्न आहे असेही नाही. अमेरिकेत एफबीआयकडे २०२४ साली साठीपुढच्या नागरिकांनी नोंदवलेले नुकसान ४.८ अब्ज डॉलरच्या वर होते. आणि या धंद्याचा एक जुना धागा आपल्या ठाण्यातून जातो. ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर पोलिसांनी धाडी घातल्या. तिथली मुले अमेरिकन लोकांना फोन करून ‘मी आयकर खात्यातून बोलतोय, कर थकला आहे, पैसे भरा नाहीतर अटक होईल’ असे धमकावत होती. डिजिटल अरेस्टचा सांगाडा तोच आहे, फक्त आता व्हिडिओ आला आणि वर्दी आली.

नाटक चार अंकी असते

प्रत्येक टोळीचे संवाद वेगळे असतात, पण रचना ठरलेली असते. ती एकदा नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

पहिला अंक: गळ. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले.’ किंवा ‘तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गैरप्रकार झाले, दोन तासांत नंबर बंद होईल, माहितीसाठी नऊ दाबा.’ इथे अजून कोणी पैसे मागत नाही. बोलणारा माणूस मदत करणारा असतो: ‘काका, तुमच्या आधारचा कोणीतरी गैरवापर केलेला दिसतोय. मी तुम्हाला पोलिसांशी जोडून देतो, तक्रार करून टाका.’

दुसरा अंक: वर्दी. आता व्हिडिओ कॉल. मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा, भिंतीवर बोधचिन्ह, अंगावर गणवेश. तक्रारदार म्हणून आलेला माणूस दहा मिनिटांत संशयित होतो.

तिसरा अंक: कोंडी. ‘कॅमेरा बंद करायचा नाही. कोणाला सांगायचे नाही. सांगितलेत तर तेही आरोपी होतील. तुमचा मुलगा अमेरिकेत आहे ना? त्याचा व्हिसा जाईल.’

चौथा अंक: सुटका. ‘तुम्ही निर्दोष वाटता. फक्त तुमचे पैसे तपासून घ्यावे लागतील. या खात्यात पाठवा, रिझर्व्ह बँक पडताळणी करेल आणि ४८ तासांत परत येतील.’

लक्षात घ्या, इथे लोभाचा मागमूस नाही. लॉटरीच्या फसवणुकीत ‘लालच केली म्हणून गेले’ असे म्हणायला तरी जागा असते. इथे माणूस आपली अब्रू आणि आपली मुले वाचवायला धडपडत असतो. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे ज्या पिढीने मनात कोरून घेतले, त्या पिढीला कोर्टाचे नाव काढून घाबरवणे सोपे जाते.

घाबरलेले डोके कसे चालते?

म्हातारपणी अक्कल कमी होते म्हणून लोक फसतात, असा एक सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचे आकडे काही वेगळेच सांगतात. २०२३ मध्ये त्यांच्याकडे फसवणुकीच्या तक्रारी करणाऱ्या २० ते २९ वयाच्या लोकांपैकी ४४ टक्क्यांनी पैसे गमावल्याचे सांगितले. ७० ते ७९ वयोगटात हे प्रमाण २५ टक्के होते. म्हणजे तक्रार करणाऱ्यांत तरुणांचे पैसे जास्त वेळा जातात. फरक रकमेत आहे: तरुणांच्या नुकसानीचा मध्यांक ४८० डॉलर, तर ऐंशीच्या पुढे १,४५० डॉलर. वृद्धांकडे साठवलेले जास्त असते आणि ते पुन्हा कमावायला वर्षे उरलेली नसतात.

मग फसताना डोक्यात होते काय? स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. त्यांनी ६५ ते ८५ आणि ३० ते ४० अशा दोन वयोगटांतल्या लोकांना घेतले. काहींना प्रयोगशाळेतच खूप उत्साहित केले, काहींना चिडवले आणि काहींना शांत ठेवले. मग सगळ्यांना दिशाभूल करणाऱ्या जाहिराती दाखवल्या. जे खरोखर उत्साहित झाले किंवा चिडले, त्यांची ती वस्तू घेण्याची तयारी शांत लोकांपेक्षा जास्त निघाली. भावना सुखद होती की दुःखद, याने फरक पडला नाही. ती तीव्र होती, एवढे पुरे झाले. आणि हा परिणाम दोन्ही वयोगटांत सारखाच दिसला. वृद्धांची खरेदीची तयारी मुळात थोडी जास्त होती हे खरे, पण भावनेच्या भरात निर्णय ढळण्याच्या बाबतीत तिशीतल्यांना मिरवण्यासारखे काही नव्हते.

आता चौथा अंक आठवा. भीतीनंतर अचानक सुटकेचा रस्ता का दाखवतात? पोलंडमधले मानसशास्त्रज्ञ दारिउश डोलिन्स्की आणि रिशार्ड नवरात यांनी १९९८ मध्ये याचा फार गमतीदार अभ्यास प्रसिद्ध केला. चुकीच्या ठिकाणी रस्ता ओलांडणाऱ्यांना पोलिसाच्या शिट्टीचा आवाज ऐकवायचा. माणूस दचकून मागे बघतो, तर पोलीस नाहीच. त्याने हुश्श केले की लगेच एक जण पुढे येऊन विनंती करतो, ‘एवढा फॉर्म भरून देता का?’ ज्यांनी शिट्टी ऐकलीच नव्हती त्यांच्यापेक्षा हुश्श केलेले लोक कितीतरी जास्त प्रमाणात फॉर्म भरून देत. दुसऱ्या प्रयोगात गाडीच्या काचेवर दंडाच्या पावतीसारखा कागद लावला होता, जवळ जाऊन पाहिले तर ती निघायची जाहिरात. परिणाम तसाच.

संशोधकांचे स्पष्टीकरण असे: भीती माणसाला सावध करते, पण ती एकाएकी ओसरली की काही क्षण तो विचार न करता, सवयीने वागतो. ‘तुम्ही निर्दोष वाटता, फक्त एवढे करा’ हे वाक्य नेमके त्याच फटीत घुसवलेले असते.

वर्दी आणि एकटेपणा

स्टॅनली मिलग्रम यांचा येल विद्यापीठातला प्रयोग तुम्ही ऐकला असेल. शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून सामान्य लोक दुसऱ्या माणसाला विजेचे (खोटे) झटके देत राहतात का, असा प्रश्न होता. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. या प्रयोगाच्या नैतिकतेवर आणि पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, ती योग्यही आहे. पण मिलग्रम यांनी याची अनेक रूपे करून पाहिली होती. त्यांतली दोन आपल्या कामाची आहेत.

एका रूपात शास्त्रज्ञ खोलीतून निघून गेला आणि हुकूम फोनवरून देऊ लागला. शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण साधारण पाचात एक इतके खाली आले. समोर चेहरा नसला की हुकमाची जरब ओसरते. टोळ्या साध्या फोनवर न थांबता व्हिडिओ कॉलसाठी एवढा हट्ट का धरतात, गणवेश आणि देखाव्यावर खर्च का करतात, याचे उत्तर मला इथे दिसते.

दुसऱ्या रूपात सहभागी माणसाबरोबर आणखी दोघे बसवले होते. ते आतून सामील होते आणि ठरल्याप्रमाणे मध्येच ‘आम्ही हे करणार नाही’ म्हणून उठले. मग ४० पैकी फक्त चार जण शेवटपर्यंत गेले. शास्त्रज्ञ तोच, हुकूम तोच. फक्त खोलीत ‘नाही’ म्हणणारे कोणीतरी होते.

म्हणून ‘कोणाला सांगू नका’ ही अट नाटकाच्या केंद्रस्थानी असते. शेजारच्या काकू पाच मिनिटे बसायला आल्या आणि ‘अहो, असे कुठे असते का?’ म्हणाल्या, तरी सगळा डोलारा कोसळतो. दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका बाईंना डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ असे दोन महिन्यांहून अधिक काळ अडकवून वीस कोटींहून जास्त रक्कम उकळली गेली. त्या खोलीबाहेर फक्त जेवायला येतात, हे घरकामाच्या बाईंच्या लक्षात आले आणि त्यांनी मुलीला कळवले, असे तेव्हा बातम्यांत आले होते. संशय पहिल्यांदा आला तो घरात वावरणाऱ्या माणसाला.

वयाने खरोखर काय बदलते?

वयाचा काहीच संबंध नाही असे म्हटले तर तेही अर्धसत्य होईल. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या शेली टेलर यांच्या गटाने तरुणांना आणि वृद्धांना अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. विश्वासू आणि साधारण चेहऱ्यांबद्दल दोन्ही गटांचे मत सारखे पडले. पण जे चेहरे तरुणांना लबाड वाटले, ते वृद्धांना तितके लबाड वाटले नाहीत. मेंदूच्या प्रतिमांमध्येही ‘काहीतरी खटकते आहे’ अशा शारीरिक जाणिवेशी जोडलेला इन्शुला हा भाग वृद्धांमध्ये कमी सक्रिय दिसला. अभ्यास लहान होता, पण तो लॉरा कार्स्टेन्सन यांच्या सिद्धांताशी जुळतो: आयुष्य थोडे उरले आहे ही जाणीव झाली की माणूस चांगल्या गोष्टींकडे जास्त लक्ष देतो. मन निवते. आजीआजोबा आपल्या आईवडिलांपेक्षा शांत का वाटत, ते यात आले. त्याच शांतपणाची ही दुसरी बाजू.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे आजाराची सुरुवात. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी डिमेन्शिया नसलेल्या ९३५ वृद्धांची फसवणुकीबाबतची सावधगिरी आधी मोजली आणि मग वर्षानुवर्षे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले. २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की ज्यांची सावधगिरी कमी होती त्यांना पुढे अल्झायमर होण्याची शक्यता जास्त होती. अमेरिकेतल्या ८० हजारांहून अधिक वृद्धांच्या नोंदी तपासणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात, डिमेन्शियाचे निदान होण्याच्या सहा वर्षे आधीपासून बिले भरायची राहू लागल्याचे दिसले. स्मरणशक्ती ठीक वाटत असतानाच पैशाच्या व्यवहारात चुका सुरू होऊ शकतात.

याचा अर्थ फसलेल्या प्रत्येकाला अल्झायमर आहे असा मुळीच नाही. वर पाहिले तसे धडधाकट तरुणही फसतात. पण कधी न चुकणारे बाबा विजेचे बिल विसरू लागले, एकच वस्तू दोनदा मागवू लागले, अनोळखी फोनवर तासन्‌तास बोलू लागले, तर त्यांना रागावण्याऐवजी डॉक्टरकडे घेऊन जायला हवे.

कायदा आईबाबांच्या बाजूने आहे

‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये हे सांगितले. पण घाबरलेल्या माणसाला ‘असे काही नसते’ एवढे पुरत नाही. काय असते, हेही माहीत असावे.

संविधानाच्या २२व्या अनुच्छेदानुसार अटक झालेल्याला अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. भारतीय नागरी सुरक्षा संहितेनुसार अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला देण्याचा हक्क त्या माणसाला असतो. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे.

यातला नातेवाइकाला कळवण्याचा हक्क पुन्हा एकदा वाचा. खरे पोलीस म्हणतात, ‘घरच्यांना कळवा.’ तोतया म्हणतो, ‘कोणाला सांगू नका.’ आईबाबांना सगळे विसरायला झाले तरी चालेल, एवढी एक खूण लक्षात राहिली पाहिजे.

सातासमुद्रापलीकडून काय करता येईल?

पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीचा सुमार असतो आणि लंडनमध्ये पहाट. बँका उघडतात, तोतयांचे फोन सुरू होतात आणि आपण गाढ झोपेत असतो. ‘काही झाले तर मला फोन कर’ हा सल्ला म्हणून अपुरा आहे. त्याऐवजी पुढच्या गोष्टी करता येतील.

एक. गोष्ट सांगा, उपदेश करू नका. ज्याला एखाद्या फसवणुकीची पद्धत आधीच ठाऊक असते तो तिच्यात सहसा अडकत नाही, असे अमेरिकेतल्या ग्राहकांच्या पाहण्यांतून दिसले आहे. ‘तुम्ही भोळे आहात’ म्हटले की कान बंद होतात. ‘बाबा, ओसवालांचे काय झाले वाचलेत का?’ म्हटले की गप्पा सुरू होतात. हे एकदाच सांगून भागत नाही. फसवणुकीविषयीच्या ऑनलाइन धड्यांवरच्या एका अभ्यासात, धड्याचा परिणाम सहा महिन्यांत विरला; मध्ये तीन महिन्यांनी आठवण करून दिली तिथे तो टिकला. गणपती, दिवाळी, संक्रांत, पाडवा: कॅलेंडरवर आठवणीच्या तारखा आधीच आहेत.

दोन. तालीम करा. भीतीने बधिर झालेले डोके नवीन विचार करत नाही, सरावातले वाक्य मात्र तोंडातून निघते. माझी आई साताऱ्याला असते, निवृत्त शिक्षिका. महिन्यातून एखादे वेळी मी फोनवर सीबीआयची अधिकारी होते आणि तिला दरडावते. पहिल्यांदा तिला हसूच आवरेना. आता ती ठसक्यात म्हणते, “बकल नंबर सांगा, आणि नोटीस घरी पाठवा. मी फोन ठेवते.” यातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. समोरच्याचे बोलणे पुरे होण्याआधी फोन ठेवणे तिच्या पिढीला उद्धटपणाचे वाटते. ती परवानगी आपण त्यांना आधीच देऊन ठेवायला हवी.

तीन. हाकेच्या अंतरावरचा माणूस ठरवा. शेजारी, भाचा, सोसायटीचे सेक्रेटरी, कोणीही. पण दहा मिनिटांत दारात येऊ शकेल असा. आईबाबांशी बोलून त्यांच्या पसंतीनेच तो ठरवा. नियम साधा ठेवा: पैसे आणि पोलीस हे दोन शब्द एका फोनमध्ये आले, की आधी त्या माणसाला हाक मारायची. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही तुमचा नंबर देऊन ठेवा.

चार. पैशाच्या वाटेवर गतिरोधक घाला. आरटीजीएस आता चोवीस तास चालते, त्यामुळे रात्री दोन वाजताही ठेव मोडून पैसे पाठवता येतात. नेट बँकिंगची रोजची मर्यादा कमी करून घ्या. ती पुन्हा वाढवायला जो वेळ लागतो तोच उपयोगी पडतो. मोठ्या ठेवी दोघांच्या सहीने मोडतील अशा करता येतात. मात्र दवाखान्याची वेळ आली तर अडचण नको, म्हणून औषधपाण्यापुरती रक्कम एका सहीच्या खात्यात ठेवा. शाखेत आईबाबांना चेहऱ्याने ओळखणारा कर्मचारी असेल तर सोन्याहून पिवळे. तोतये लोकांना ‘बँकेत विचारले तर घर घेतोय म्हणून सांगा’ असे पढवून पाठवतात. ओळखीच्या माणसाला ते खटकते.

पाच. घरचा सांकेतिक शब्द ठरवा. आता थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून आवाजाची नक्कल करता येते आणि आपले आवाज समाजमाध्यमांवर भरपूर पडलेले असतात. ‘आई, मी अपघातात सापडलोय, पैसे पाठव’ असा फोन तुमच्याच आवाजात येऊ शकतो. आजोळच्या गाईचे नाव, लहानपणी शेजाऱ्यांना ठेवलेले टोपणनाव, असे काहीतरी निवडा जे इंटरनेटवर कुठेच नाही.

एक मोह मात्र टाळा. घाबरून सगळे व्यवहार स्वतःच्या हातात घेऊ नका. ज्यांनी चाळीस वर्षे घर चालवले त्यांच्या हातून पासबुक काढून घेतले तर चोराआधी आपणच त्यांचा मान काढून घेतल्यासारखे होईल. शिवाय पुढे काही घडले तर ते सर्वात आधी आपल्यापासून लपवतील. वरची प्रत्येक गोष्ट त्यांच्या संमतीने करा. आणि जमले तर स्वतःच्या खात्यालाही लावा. प्रयोगातले तिशी-चाळिशीचे लोक आठवा.

तरीही घडलेच तर

पहिले काही तास सोन्याचे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून दहाव्या असे भाड्याच्या खात्यांतून झपाट्याने फिरवले जातात. मधल्या एखाद्या खात्यात ते गोठवता आले तरच हाती लागतात. भारतात १९३० हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. तो भारतातूनच लावायचा असल्याने आईबाबांनी किंवा हाकेच्या माणसाने लावलेला बरा. त्याच वेळी बँकेला कळवायचे आणि सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची. स्क्रीनशॉट, फोन नंबर, व्यवहार क्रमांक काहीही पुसू नका. तुमचे आईवडील तुमच्याजवळ राहत असतील तर अमेरिकेत वृद्धांच्या फसवणुकीसाठी ८३३-३७२-८३११ हा सरकारी क्रमांक आहे, ब्रिटनमध्ये १५९ लावला की थेट आपल्या बँकेशी जोडून मिळते.

भरपाईच्या बाबतीत देशादेशांत मोठा फरक आहे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसून स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसेही बहुतेक प्रकरणांत बँकांना ८५ हजार पौंडांपर्यंत परत द्यावे लागतात. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाने ग्राहकाला संरक्षण दिले ते त्याच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी. डिजिटल अरेस्टमध्ये पैसे माणूस स्वतः पाठवतो, त्यामुळे तो या छत्राबाहेर राहतो. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्यांचा तपास सीबीआयकडे सोपवला आहे.

एक शेवटची सूचना. फसलेल्यांची यादी विकली जाते आणि काही आठवड्यांनी ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन येतो. जखम ताजी असते, आशा असते, आणि घरच्यांना सांगायची लाज वाटत असते. या दुसऱ्या फोनपासून वाचवणारी गोष्ट एकच: पहिल्या वेळी घरच्यांनी कसे वागवले. ‘एवढे शिकलेले असून कसे फसलात?’ हा प्रश्न तोंडाशी आला तरी गिळा. ‘बरे झाले सांगितलेत. आता आपण मिळून बघू,’ एवढेच म्हणा.

या रविवारी घरी फोन कराल तेव्हा हवापाण्याच्या गप्पा झाल्या की दोन गोष्टी विचारा: हाकेचा माणूस कोण, आणि आपला सांकेतिक शब्द कोणता? उत्तरे मिळाली की कागदावर लिहून त्यांच्या फोनजवळ १९३० या आकड्याशेजारी चिकटवायला सांगा. सांकेतिक शब्द तेवढा लिहायचा नाही, तो तोंडपाठच ठेवायचा.